धारवाडची फूटपट्टी आणि आपल्या पोरांची मापं

पोस्ट लांब आहे. घरात, भावकीत किंवा वर्गात एखादं मागं पडणारं मूल असेल तर शेवटपर्यंत वाचा. नसेल तरी वाचा, कारण यातला निम्मा इतिहास आपल्याच मुलखातला आहे आणि तो आपल्यालाच माहीत नाही.

मूल शाळेत फारच मागं राहतंय, वयाच्या मानानं बोलणं-वागणं कमी दिसतंय, असं वाटलं की बाई किंवा विशेष शिक्षक सांगतात, "एकदा तपासून घ्या." मग सिव्हिलच्या चकरा सुरू होतात. तिथं मानसशास्त्रज्ञ मुलाला काही प्रश्न विचारतात, ठोकळे आणि चित्रं पुढं ठेवतात. आईला बाजूला बसवून विचारतात, स्वतःच्या हातानं जेवतो का, एकटा दुकानात जातो का. शेवटी कागदावर एक आकडा येतो. आकड्यावरून टक्के ठरतात आणि टक्क्यांवरून पुढचं सगळं ठरतं. यूडीआयडी कार्ड, एसटीची सवलत, संजय गांधी निराधारचा अर्ज, ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क, सगळं त्या एका आकड्याला टांगलेलं असतं.

आता हा आकडा येतो कुठल्या फूटपट्टीवरून? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखाली केंद्र सरकारनं जानेवारी २०१८ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. बौद्धिक अक्षमतेसाठी त्यात तीन चाचण्यांची नावं होती. बुद्ध्यांकासाठी बिने-कामत किंवा मालिनची 'मिसिक', आणि रोजच्या वागण्या-वावरण्याच्या क्षमतेसाठी व्हाईनलँडची सामाजिक परिपक्वता श्रेणी.

यातली पहिली चाचणी धारवाडात तयार झाली, मराठी आणि कानडी पोरांवर. बाकीच्या दोन परदेशातून आल्या, पण त्यांना भारतीय रूप मिळालं ते नागपुरात. म्हणजे आज देशभर हजारो मुलांना जी मापं लावली जातात, ती मराठी मुलखात आणि त्याच्या शिवेवर घडली. अभिमान वाटायला हरकत नाही. पण ती घडली कधी, हे कळल्यावर जरा थांबून विचारही करावा लागतो.

*पॅरिसहून धारवाडला*

गोष्ट सुरू होते पॅरिसमध्ये. फ्रान्समध्ये शिक्षण सक्तीचं झालं होतं. सगळीच मुलं शाळेत आली आणि काहींना शिकवलेलं पोचेना. कुणाला वेगळ्या मदतीची गरज आहे हे ठरवायला १९०४ मध्ये सरकारनं समिती नेमली. त्यात आल्फ्रेड बिने होते. त्यांनी थिओडोर सिमाँ यांच्यासोबत १९०५ मध्ये पहिली श्रेणी तयार केली, १९०८ आणि १९११ मध्ये ती सुधारली.

बिनेंची कल्पना साधी होती. मास्तरांना काय वाटतं, मूल कुठल्या घरातलं आहे, दिसायला कसं आहे, हे सगळं बाजूला ठेवायचं. तीच वीस-तीस कामं सगळ्या मुलांना द्यायची आणि बघायचं की कुठलं काम कितव्या वर्षी बहुतेकांना जमतं. सात वर्षांच्या साधारण दोनतृतीयांश ते तीनचतुर्थांश मुलांना जो प्रश्न येतो, तो सातव्या वर्षाचा प्रश्न. सगळ्यांनाच आला तर तो सोपा, खालच्या वयात ढकला. कुणालाच आला नाही तर वर सरकवा.

इथं एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. प्रश्न टेबलावर बसून ठरत नाही. तो आधी पोरांवर वापरून बघावा लागतो. मुलाची चाचणी घेण्याआधी चाचणीचीच चाचणी घ्यावी लागते. याला म्हणतात पूर्वचाचणी. आपल्याकडं सुगरण साखर घालण्याआधी पाकाचा थेंब ताटलीत टाकून तार बघते ना, तसंच. थेंब बघितला नाही तर अख्खी कढई वाया जाते.

बिने १९११ मध्ये वारले. त्याआधीच, १९०८ मध्ये हेन्री गॉडार्ड नावाचे अमेरिकन गृहस्थ युरोपात आले आणि ती श्रेणी घेऊन गेले. ते न्यू जर्सीतल्या व्हाईनलँड गावच्या शाळेत काम करायचे. हे गाव ध्यानात ठेवा, पुढं परत येणार आहे.

गॉडार्डनी श्रेणीचं इंग्रजी भाषांतर केलं आणि १९१३ च्या सुमारास ती न्यूयॉर्कच्या एलिस बेटावर नेली. बोटीतून नुकतीच उतरलेली, खालच्या वर्गातून प्रवास करून आलेली गरीब माणसं. त्यांना दुभाष्यामार्फत प्रश्न विचारले. निकाल काय आला? त्यांच्या नमुन्यातली पाचातली चार माणसं 'मंदबुद्धी'! ज्यू, इटालियन, हंगेरियन, रशियन, सगळ्यांचं तेच. अर्थात माणसं मंद नव्हती, थकलेली आणि घाबरलेली होती. काहींनी आयुष्यात पेन्सिल धरलेली नव्हती. फूटपट्टी दुसऱ्यांसाठी बनवलेली आणि माणसं दुसरीच. पण आकडा छापून आला की त्याला वजन येतं. १९२३ मध्ये कार्ल ब्रिगहॅम यांनी सैन्यातल्या चाचण्यांवरून कुठला वंश हुशार आणि कुठला नाही, असं पुस्तकच लिहिलं. १९३० मध्ये त्यांनी स्वतःच जाहीरपणे ते मागं घेतलं, अशा चाचण्यांवरून अशी तुलना करताच येत नाही म्हणून. तोपर्यंत अमेरिकेत परदेशी माणसांना रोखणारा १९२४ चा कायदा होऊन गेला होता.

दरम्यान १९१६ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या लुईस टर्मन यांनी बिनेंची श्रेणी अमेरिकन मुलांवर नव्यानं बसवली. जगभर पसरली ती ही आवृत्ती. भारतात लाहोरच्या सी. हर्बर्ट राईस यांनी हिंदुस्थानीतून केलेलं काम १९२९ मध्ये पुस्तकरूपानं आलं. आणि मग आले आपले व्ही. व्ही. कामत.

कामतांनी टर्मनची श्रेणी मराठी आणि कानडी बोलणाऱ्या मुलांसाठी बसवली. त्यावरचा त्यांचा लेख १९३४ मध्ये ब्रिटनच्या शैक्षणिक मानसशास्त्राच्या नियतकालिकात आला. १९४० मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसनं त्यांचं भारतीय मुलांच्या बुद्धिमापनावरचं पुस्तक काढलं. तीच आजची बिने-कामत.

मराठी आणि कानडी एकत्र का, असा प्रश्न आजच्या पोरांना पडेल. तेव्हा धारवाड मुंबई इलाख्यात होतं, साताऱ्यासारखंच. मिरजेत गाडीत बसलं की बेळगाववरून थेट धारवाड. सांगली संस्थानच बघा ना, त्यात मंगळवेढाही होतं आणि तेरदाळ, शहापूर, शिरहट्टीही. कानडीचे थोर कवी द. रा. बेंद्रे हे मराठी बोलणाऱ्या घरातले, धारवाडचे. दोन भाषा एकाच अंगणात खेळत होत्या. दोन्ही भाषांच्या पोरांसाठी एक माप बसवावं, हे तिथल्या माणसाला सुचणं साहजिक होतं.

*भाषांतर म्हणजे चाचणी नव्हे*

कामतांपुढचं काम किती अवघड होतं, हे टर्मनच्या मूळ प्रश्नांकडं बघितलं की कळतं.

सहाव्या वर्षाचा एक प्रश्न नाणी ओळखण्याचा. निकेल, पेनी, डाइम, क्वार्टर. इथल्या पोराला काय दाखवणार? आणा, दोन आणे, चवली, पावली. पण अमेरिकेत दहा सेंटचा डाइम पोराच्या हातात जितक्या वेळा येतो, तितक्या वेळा इथं कुठलं नाणं येतं? बाजारात जाणाऱ्या वाण्याच्या पोराला हा प्रश्न पाचव्याच वर्षी येईल. रानात राहणाऱ्याला आठव्या वर्षीही येणार नाही. आणि पुढं १९५७ मध्ये दशमान नाणी आली, तेव्हा आणे-पैचा हिशोबच संपला.

शब्दांचं बघा. टर्मनच्या शब्दयादीत पडल असा इंग्रजी शब्द आहे. आपण त्याला डबकं म्हणू. भाषांतर अगदी बरोबर. पण इंग्रजी शब्द त्या पोराला जितका अवघड, तितकाच डबकं हा शब्द आपल्या पोराला अवघड आहे का? अजिबात नाही. आमच्याकडं तीन वर्षांचं पोर डबक्यात पाय मारून येतं. म्हणजे शब्द बरोबर आला, पण त्याचं वय बदललं.

आणखी एक प्रश्न सहाव्या वर्षाचाच. शाळेला निघालास आणि पाऊस पडत असेल तर काय करायचं? छत्री घेईन, कोट घालीन, ही उत्तरं बरोबर. 'घरीच थांबेन' हे टर्मनच्या सूचनांनुसार चूक. कॅलिफोर्नियात चूक असेल. पाटण किंवा जावळीतल्या एखाद्या वाडीवरच्या पोराला विचारा. जुलै महिना, मधला ओढा दुथडी भरलेला. तिथं 'आज शाळंला जायचं न्हाई' म्हणणारं पोर शहाणं की वेडं? आणि तोच प्रश्न जतच्या किंवा माणच्या पोराला विचारला तर ते म्हणेल, पाऊस आला तर नाचायचं.

म्हणून नुसतं भाषांतर करून भागत नाही. प्रत्येक प्रश्न इथल्या मुलांना विचारायचा, किती वयाच्या किती मुलांना येतो ते मोजायचं, जो बसत नाही तो बदलायचा, परत विचारायचं. कामतांनी हे काम १९३० च्या दशकात केलं, संगणक नसताना. ते मोठं काम होतं, हे आधी मान्य करू.

*नागपूरचं काम*

आता ते व्हाईनलँड गाव परत आलं. त्याच शाळेत एडगर डॉल यांनी १९३५ मध्ये दुसऱ्या प्रकारची श्रेणी मांडली. त्यांचं म्हणणं असं की नुसती बुद्धी मोजून काय उपयोग? मूल रोजच्या जगण्यात काय करतं ते बघा. जेवतं कसं, कपडे घालतं का, पैसे सांभाळतं का, एकटं फिरतं का. आणि हे मुलाला नाही, त्याला ओळखणाऱ्या मोठ्या माणसाला विचारायचं. त्यावरून 'सामाजिक वय' काढायचं, खऱ्या वयानं भागायचं, शंभरानं गुणायचं. विचार चांगलाच होता.

पण मूळ यादी वाचा. काट्यानं खातो. बर्फावरची घसरगाडी वापरतो. जेवणाच्या सुरीनं पावाला लोणी लावतो. आणि सात-आठ वर्षांसाठी एक बाब अशी, की सांताक्लॉज खराच असतो हे तो आता मानत नाही! तासगावच्या पोरानं सांताक्लॉज मानायचा कधी आणि सोडायचा कधी? आमचं पोर भाकरी मोडून कालवणात चुरतं, त्याला सुरीशी काय देणंघेणं?

नागपूरच्या चाइल्ड गायडन्स सेंटरमध्ये आर्थर मालिन यांनी १९६० च्या दशकात ही श्रेणी भारतीय मुलांसाठी बसवली. त्यांनीच अमेरिकेतल्या वेक्सलर यांच्या १९४९ च्या चाचणीवरून भारतीय मुलांसाठी 'मिसिक' तयार केली, तिची पुस्तिका १९६९ ची. अकरा उपचाचण्या, सहा तोंडी आणि पाच हातानं करायच्या. त्याच दशकात पुण्यात १९६२ मध्ये ज्ञान प्रबोधिनी सुरू झाली आणि हुशार मुलं शोधण्यासाठी तिथं मराठीतून चाचण्यांचं काम उभं राहिलं. म्हणजे ही विद्या मराठी माणसाला परकी कधीच नव्हती.

*६९ आणि ७० मधलं अंतर*

आता प्रमाणपत्राच्या कागदाकडं या. २०१८ च्या सूचनांनुसार दिव्यांगत्वाचे टक्के ठरायचे ते व्हाईनलँडच्या आकड्यावरून. ० ते २० असेल तर १०० टक्के. २१ ते ३५ ला ९०. ३६ ते ५४ ला ७५. ५५ ते ६९ ला ५०. आणि ७० ते ८४ ला २५ टक्के.

बहुतेक सवलतींची कमीतकमी अट आहे ४० टक्के. म्हणजे ६९ आला तर ५० टक्के, मूल आत. ७० आला तर २५ टक्के, मूल बाहेर. एका आकड्याचा फरक.

हिशोब करून बघू. समजा मूल बरोबर दहा वर्षांचं, म्हणजे १२० महिन्यांचं. सामाजिक वय ८१ महिने आलं तर भागाकार ६७.५. ८४ महिने आलं तर बरोबर ७०. फरक तीन महिन्यांचा. डॉल यांच्या मूळ यादीत सहा ते सात या एका वर्षात चारच बाबी आहेत, म्हणजे एक बाब सरासरी तीन महिन्यांची. त्या चारांतली एक कुठली? सुरीनं लोणी लावणं. म्हणजे ती बाब तशीच ठेवली असती, तर एका सुरीवर एका मुलाची एसटीची सवलत आणि पेन्शन आत-बाहेर झाली असती. पूर्वचाचणी कशाला लागते, हे यापेक्षा सोपं करून सांगता येणार नाही.

आणि उत्तर कोण देतंय? आई. काही आया मुलाला हलूच देत नाहीत. तो स्वतः अंघोळ करू शकतो, पण आईच घालते. तिनं 'नाही करत' म्हटलं की ते 'जमत नाही' म्हणून लिहिलं जाऊ शकतं. उलट काही घरात लाजेपोटी सगळंच 'करतो की, सगळं करतो' असं सांगतात. आजोबा तर हमखास. मग आकडा चढतो आणि नातवाचं प्रमाणपत्र जातं. मुलगी असेल तर आणखी वेगळं. 'एकटी शाळेला जाते का' याचं उत्तर मुलीच्या क्षमतेवर ठरतं की गावाच्या रस्त्यावर आणि घरच्या काळजीवर?

*दोन चुका, दोन वेगळी पोरं*

जुन्या फूटपट्टीत दोन प्रकारच्या चुका असतात आणि त्या उलट्या दिशांना जातात. हे नीट समजून घ्या.

पहिली चूक काळाची. न्यूझीलंडच्या जेम्स फ्लिन यांनी १९८४ मध्ये दाखवलं की अमेरिकेत मुलांचे गुण दर दशकाला साधारण तीननं वाढत गेले आहेत. पोरं जन्मतः हुशार झाली असं नाही. शाळा वाढल्या, खाणं सुधारलं, चित्रं-कोडी-आकृत्या रोजच्या झाल्या. त्यामुळं जुन्या पिढीवर बसवलेल्या मापानं आजच्या पोराला मोजलं की तो आकडा फुगून येतो. त्याची तुलना त्याच्या वर्गातल्या पोरांशी होतच नाही, आजोबांच्या वर्गाशी होते. म्हणून अमेरिकेत वेक्सलरची चाचणी १९७४, १९९१, २००३ आणि २०१४ मध्ये नव्यानं बसवली गेली. बिनेंची १९३७, १९६०, १९८६, २००३ मध्ये. आपण मात्र २०१८ च्या सूचनांमध्येही १९३० च्या आणि १९६० च्या दशकात बसवलेल्या चाचण्यांची नावं लिहिली. याचा फटका कुणाला? ज्याला खरोखर मदत लागते, पण आकडा फुगल्यामुळं जो रेषेच्या जरासा वर जातो, त्याला.

दुसरी चूक भाषेची आणि परिस्थितीची. जत तालुक्यात घरी कानडी, बाजारात मराठी आणि टीव्हीवर हिंदी, अशी पोरं आहेत. ऊसतोडीला बीडकडून आलेल्या कुटुंबांची पोरं सहा महिने कोपीत राहतात, शाळा बदलत राहतात. डोंगरावरच्या धनगरवाड्यातलं पोर अनोळखी माणसासमोर तोंडच उघडत नाही. अशा पोरांना पुस्तकी मराठीतून प्रश्न विचारला की आकडा खाली येतो. त्याला कमतरता असते शाळेची, शिक्का बसतो बुद्धीचा.

कुणी म्हणेल, एक चूक वर नेते, एक खाली, सरासरीत फिटंफाट झाली. नाही. सरासरी कागदावर फिटते, पोरं वेगवेगळी असतात. एकाची मदत जाते, दुसऱ्याच्या कपाळी शिक्का बसतो. दोघांचं नुकसान एकमेकांना भरून देता येत नाही.

यात मोठा मुद्दा असा की फूटपट्टी बनवताना कोण समोर बसलं होतं? १९३१ च्या जनगणनेत देशातली साक्षरता दहा टक्क्यांच्या आत होती. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काल्यात रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये सातारला सगळ्या जातींच्या पोरांचं वसतिगृह सुरू केलं. म्हणजे ज्या काळात भारतीय मुलांचं 'सरासरी' ठरत होतं, त्याच काळात आपल्याकडची बहुजनांची पोरं पहिल्यांदा शाळेच्या ओट्यावर चढत होती. शाळेतली मुलं आणि मुलखातली मुलं, या तेव्हा दोन वेगळ्या गोष्टी होत्या. अशा काळातल्या मापाला आज डोळे झाकून 'शास्त्रीय' म्हणणं शास्त्राला धरून नाही.

*मग करायचं काय?*

चाचण्या बंद करा, असं म्हणणं सोपं आहे आणि चुकीचं आहे. चाचणी नसेल तर परत मास्तरांचा अंदाज, ओळखीचा डॉक्टर आणि पुढाऱ्याची चिठ्ठी. बिनेंनी ज्यातून सुटका करायला हे सुरू केलं, तिथंच आपण परत जाऊ. सिव्हिलमधल्या मानसशास्त्रज्ञांनाही बोल लावण्यात अर्थ नाही. एका टेबलावर दिवसभराची रांग, आणि हातात जे माप दिलंय तेच वापरायचं. हे माप दुरुस्त करणं विद्यापीठं आणि सरकारचं काम आहे.

आणि हे काम आपल्या दोन जिल्ह्यांत करता येण्यासारखं आहे. शिवाजी विद्यापीठ आहे, मानसशास्त्र शिकवणारी महाविद्यालयं आहेत, गावोगावी जिल्हा परिषदेच्या शाळा आणि अंगणवाड्या आहेत. रीत अशी:

१. प्रश्नांचा मसुदा आधी वीस-तीस मुलांवर वापरून बघायचा. गुण नंतर मोजा. आधी पोराला विचारा, "मी काय विचारलं ते तुझ्या शब्दांत सांग." निम्मे प्रश्न तिथंच गळतील.

२. नमुना नीट काढायचा. सोयीची शाळा धरून चालणार नाही. माण-खटाव-आटपाडीचा दुष्काळी पट्टा वेगळा, पाटण-जावळीचा डोंगर वेगळा, कराड-वाळव्याचा ऊसपट्टा वेगळा, जतचा दोन भाषांचा भाग वेगळा, सातारा-सांगली-मिरज शहरं वेगळी. प्रत्येकातून मुलगे आणि मुली, आणि शाळाबाह्य पोरंही. कुणाला घ्यायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरवायचं, मुख्याध्यापकांच्या निवडीवर सोडायचं नाही. नाहीतर ते हुशार पोरंच पुढं करणार, पाहुणे आलेत म्हणून.

३. तीच चाचणी त्याच मुलाला काही आठवड्यांनी दुसऱ्या माणसानं घ्यायची. आकडा फार हलला तर माप सैल आहे.

४. प्रश्नाचं वय इथल्या मुलांवरून परत ठरवायचं आणि ते काम दर दहा-पंधरा वर्षांनी करायचं. घराची पट्टी वाढली की आपण परत मोजणी करतोच ना?

हे होईल तेव्हा होईल. तोपर्यंत पालकांनी आणि शिक्षकांनी एवढं तरी करावं:

मूल घरी कुठली भाषा बोलतं ते पहिल्यांदा सांगा आणि त्याच भाषेत तपासणी व्हावी असा आग्रह धरा. रात्रीचा प्रवास करून, उपाशी, तापात मुलाला तपासणीला नेऊ नका. आईला विचारतील तेव्हा 'करत नाही' आणि 'जमत नाही' हा फरक स्पष्ट सांगा. आम्ही करू देत नाही, पण त्याला येतं, असं असेल तर तसं म्हणा. लाजून वाढवू नका, सवलतीसाठी कमी करू नका. वर्गशिक्षकांचं निरीक्षण एका कागदावर लिहून न्या. कुठली चाचणी घेतली, आकडा किती आला, हे विचारून लिहून घ्या. सरकारी सूचना बदलत असतात, म्हणून त्यांची ताजी प्रत मागा. निर्णय पटला नाही तर २०१६ च्या कायद्याच्या कलम ५९ खाली अपील करता येतं, हे लक्षात असू द्या. आणि शिक्षकांनो, पोराचा आकडा वर्गात कधीही उच्चारू नका.

बिनेंनी स्वतः एक गोष्ट परत परत बजावली होती, की हा आकडा म्हणजे मुलाची कायमची किंमत नाही, मदत कुठं लागेल ते दाखवणारी खूण आहे. कामतांनी ती खूण आपल्या भाषेत आणली, मालिननी ती देशभर पोचवली. त्यांनी त्यांच्या काळातल्या पोरांसाठी काम केलं. आजच्या पोरांसाठीचं काम आता आपण करायचं आहे.

आपल्या भागात या विषयावर काम करणारे प्राध्यापक, विशेष शिक्षक, पालक असतील तर कमेंटमध्ये लिहा. मुलाचं नाव किंवा फोटो मात्र टाकू नका. जिल्हा परिषद सदस्य आणि आमदार ओळखीचे असतील तर त्यांना ही पोस्ट पाठवा आणि एकच प्रश्न विचारा: आपल्या पोरांना लावलेलं माप शेवटचं कधी तपासलं?